हॉटेलचे दर नोंदवायला निघालात? आधी ताट बघा

भावसंकलनाच्या, म्हणजे महागाई मोजण्यासाठी दर महिन्याला दुकानोदुकानी भाव टिपण्याच्या, कामाला नव्यानं लागलेली पोरं किराणा आणि भाजीपाला चटकन शिकतात. साखरेचा किलो दर महिन्याला किलोच असतो. गाडी अडते ती हॉटेल, मेस आणि लॉजपाशी. लातूर, धाराशिव, तुळजापूर या पट्ट्यात मी हेच काम करत आलोय, म्हणून प्रशिक्षणात घाईनं उरकलं जातं तेवढंच इथं लिहितो.

घरांच्या खरेदीची महागाई मोजणाऱ्या ग्राहक किंमत निर्देशांकात, २०१२ हे पायाभूत (तुलनेचं) वर्ष होतं तेव्हा, बाहेरचं जेवण-नाश्ता ‘अन्न आणि पेये’ या गटातच जायचं. फेब्रुवारी २०२६ मध्ये २०२४ पायाभूत वर्षाची मालिका आली आणि उपाहारगृहं व निवास यांचा वेगळा विभाग झाला. याची गरज होतीच. २०२३-२४ च्या कौटुंबिक उपभोग खर्च सर्वेक्षणात पेये, नाश्ता आणि प्रक्रिया केलेल्या पदार्थांवर ग्रामीण घरांचा ९.८४ टक्के, तर शहरी घरांचा ११.०९ टक्के खर्च निघाला.

आता ताटाकडे या. हॉटेलवाला दर वाढवायला बिचकतो, कारण रोजचं गिऱ्हाईक दोन रुपयांनीही तुटतं. त्यामुळे फलकावरचा आकडा महिनोन् महिने तोच राहतो आणि आधी ताट बदलतं. भज्यांची प्लेट वीसलाच मिळते, पण शंभर ग्रॅमची ऐंशी ग्रॅम झालेली असते. म्हणजे भजी पंचवीस टक्क्यांनी महागली आणि तुमच्या फॉर्मवर बदल शून्य! लातूरच्या ट्यूशन एरियातल्या मेसमध्ये तर हे फार बारकाईनं बघावं लागतं. समजा, महिन्याचे तीन हजार कायम आहेत, पण रविवारी संध्याकाळची मेस बंद झाली. साठ जेवणांची छप्पन्न झाली, एक जेवण पन्नासवरून साडेत्रेपन्नच्या वर गेलं. नीटच्या तयारीला आलेल्या पोराचा बाप शेतातून पैसे पाठवतो. त्याच्या खिशाला लागलेली ही महागाई आपण टिपली नाही तर ती कुठंच दिसणार नाही. म्हणून पोळ्या किती, भाज्या किती, भात पोटभर का वाटीभर, खाडे किती दिवसांचे वजा होतात, हे शेऱ्याच्या रकान्यात लिहा. दर मात्र स्वतःच्या अंदाजानं फिरवू नका.

हे सगळं विचारायला बसलात की मालक हमखास म्हणणार, “सर, इन्कम टॅक्सवाले हाव का?” ओळखपत्र दाखवा, चहा सांगा, पैसे द्या. “मामा, तुमचं नाव कुठं छापून येत नाही, गावाचा सगळा हिशोब एकत्र होतो,” एवढं सांगितलं तरी माणूस मोकळा होतो. गर्दीच्या वेळी जाऊ नका. दुपारी तीन-चारला गल्ल्यावर निवांतपणा असतो.

दर का वाढवला विचारलं की मालक सिलिंडरचंच सांगेल. त्याचा १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घरं विकत घेत नाहीत, म्हणून ग्राहक निर्देशांकात तो थेट येत नाही. येतो तो चहा-भज्यांच्या दरातून, तोही उशिरा. आणि आला की उडी मारून येतो. महागाईचा दर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करून काढतात, म्हणून चहा दहाचा बारा झाला की वर्षभर वीस टक्के वाढ दिसते. तेराव्या महिन्यात ती शून्य होते, चहा मात्र बाराच. स्वस्ताई आली असं कुणी म्हणालं तर त्याला हा हिशोब मांडून दाखवा.

लॉजचं कोडं निराळं. तुळजापुरात घटस्थापनेला खोलीचा दर चढतो, पण घटस्थापना २०२३ ला १५ ऑक्टोबर, २०२४ ला ३ ऑक्टोबर आणि २०२५ ला २२ सप्टेंबरला होती. सप्टेंबरची सप्टेंबरशी तुलना केली तर एका बाजूला नवरात्र असतं, दुसऱ्या बाजूला नसतं. त्यातच २०२५ मध्ये घटस्थापनेच्याच दिवशी साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. जीएसटी नोंदणी असलेल्या लॉजमध्ये गर्दी दर वर ओढत होती आणि कर खाली. निर्देशांकाला गिऱ्हाईकानं प्रत्यक्ष मोजलेली रक्कम लागते, म्हणून बिलाची शेवटची ओळ घ्या. पण शेजारी मूळ भाडं, कर, खोलीचा प्रकार, तारीख, वार आणि ‘नवरात्र’ हा शब्दही लिहा. आकडा का हलला, हे पुढच्या वर्षी त्या फायलीवर बसणाऱ्याला त्यावरूनच कळतं.