केबल मोडेमचं सिग्नल लेव्हल घरच्या घरी कसं बघायचं आणि कसं नीट करायचं

ज्यांच्याकडे अजून फायबर आलेलं नाही, टीव्हीच्या त्या जाड काळ्या वायरीतूनच नेट येतं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. नेरुळ, कोपरखैरणेच्या सिडकोच्या बिल्डिंगा घ्या किंवा वर्तकनगर, कळव्याकडच्या जुन्या सोसायट्या, नेट सारखं तुटायला लागलं की लोक आधी राउटर बदलतात आणि मग केबलवाल्याकडून बूस्टर (सिग्नल वाढवणारा डबा) लावून घेतात. दोन्ही जरा थांबवा. सिग्नल कमी पडतोय तर पुष्कळदा तो आपल्याच घरात कुठेतरी खाल्ला जातोय, ती जागा सापडली की बूस्टर लागतच नाही.

आधी आकडे बघा, आकडे न बघता काहीही काढू-लावू नका. मोडेमला जोडलेल्या लॅपटॉपवर ब्राउझर उघडून १९२.१६८.१००.१ टाका (इंग्रजी आकड्यांत), बहुतेक केबल मोडेमचं स्टेटस पान तिथेच उघडतं. डाउनस्ट्रीम पॉवर (मोडेमपर्यंत येणाऱ्या सिग्नलची ताकद), एसएनआर (नॉइज म्हणजे खरखरीच्या तुलनेत सिग्नल किती वर आहे ते) आणि अपस्ट्रीम पॉवर (मोडेम परत पाठवतो त्या सिग्नलची ताकद) या तीन गोष्टींचा फोटो काढून ठेवा, नंतर तुलना करायला लागणार आहे.

डाउनस्ट्रीम पॉवर डीबीएमव्ही (dBmV) या एककात असते. इथे शून्य दिसलं म्हणजे सिग्नल नाही असं अजिबात नाही, शून्य म्हणजे एक मिलिव्होल्ट, उलट ते उत्तम आहे. उणे ७ ते अधिक ७ मध्ये असलं की निश्चिंत राहा, उणे १५ ते अधिक १५ ही मोडेमच्या स्टँडर्डची हद्द झाली पण टोकाला गेलं की पावसात, उन्हात थोडं इकडेतिकडे झालं तरी नेट जातं. एसएनआर २५६ क्वामच्या (स्टेटस पानावर 256QAM लिहिलेल्या) चॅनलला ३३ डीबीच्या वर हवा, ३० च्या खाली आला की एरर वाढायला लागतात.

अपस्ट्रीमचं मात्र उलटं असतं आणि इथेच सगळे फसतात. ५२ आकडा बघून लोक खूश होतात की वा सिग्नल किती स्ट्राँग आहे, पण तो मोडेम किती जोरात पाठवतोय त्याचा आकडा आहे, लांबच्या माणसाला ऐकू जावं म्हणून आपण ओरडतो तसं. पलीकडचं केबल कंपनीचं मशीन मोडेमला सांगत असतं की अजून वाढव, अजून वाढव, म्हणजे आकडा जितका मोठा तितकं मधे जास्त नुकसान होतंय. साधारण ३५ ते ४९ ठीक. चार अपस्ट्रीम चॅनल एकदम चालत असतील तर मोडेमची ताकद ५१ च्या आसपास संपते, त्याच्या पुढे तो ओरडूच शकत नाही, मग मोडेमच्या लॉगमध्ये टी३ टाइमआउट (म्हणजे मोडेमने हाक मारली पण उत्तर आलं नाही) दिसायला लागतात.

आता दोन्ही आकडे एकत्र वाचायचे. डाउनस्ट्रीम खाली आणि अपस्ट्रीम वर असेल तर वाटेत लॉस आहे, आणि घरातला पहिला संशयित म्हणजे स्प्लिटर, एका वायरीच्या दोन-चार वायरी करणारा छोटा डबा. दोनचा स्प्लिटर साधारण ३.५ डीबी खातो, चारचा ७, आणि तीनच्या स्प्लिटरमध्ये बऱ्याचदा एक तोंड ३.५ चं असतं, बाकी दोन ७ ची, अंगावर छापलेलं असतं ते नीट वाचा. समजा हॉलचा टीव्ही ३.५ वर आणि मोडेम ७ वर लावलाय, डाउनस्ट्रीम उणे ११, अपस्ट्रीम ५१. नुसती दोन तोंडं अदलाबदल केली तरी उणे ७.५ आणि ४७.५ च्या जवळपास येईल, एक पैसा खर्च नाही. त्याहून चांगलं म्हणजे वायर घरात शिरते तिथेच दोनचा स्प्लिटर, एक तोंड थेट मोडेमला आणि टीव्हींची सगळी वाटणी दुसऱ्या तोंडाच्या पुढे. रिकामं तोंड उघडं ठेवू नका, ७५ ओहमचा टर्मिनेटर (तोंड बंद करणारं छोटं टोपण) लावा. आणि डिशसाठीचा स्प्लिटर, ज्यावर ९५० ते २४०० मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं, तो इथे चालत नाही, आपल्याला ५ मेगाहर्ट्झपासून सुरू होणारा लागतो.

दुसरा संशयित पिन, म्हणजे वायरीच्या टोकाला स्क्रूसारखं बसणारं कनेक्टर. खाडीची दमट हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे खिडकीजवळची पिन उघडून बघाच. मधली तार तांब्यासारखी लखलखीत हवी, हिरवट किंवा काळी पडली असेल तर पुसत बसू नका, दोन-तीन इंच वायर कापून नवीन पिन मारा. मधल्या तारेभोवतीचा पांढरा भाग पिनच्या आतल्या कडेला बरोबर टेकलेला, तार बाहेर साधारण ३ मिलिमीटर, आणि जाळीचा एकही केस मधल्या तारेला लागता कामा नये. वायर खिडकीतून आत येण्याआधी खाली थोडी लोंबती ठेवा, पाणी तिथूनच टपकून जातं, पिनपर्यंत पोचत नाही. फक्त वरच्या फ्रिक्वेन्सीचे चॅनल जास्त पडलेले दिसले तर वायर फार लांब, जुनी किंवा आत पाणी गेलेली असू शकते, वायरीवर आरजी ५९ (RG59) छापलेलं असेल तर आरजी ६ (RG6) जातीची वायर टाका.

उलटी केस पण असते, टॅप (केबलवाल्याचा डबा, जिथून आपल्या घरची वायर निघते) अगदी दाराबाहेर असला की डाउनस्ट्रीम अधिक १२ आणि अपस्ट्रीम ३० असं काहीतरी दिसतं. तेव्हा मोडेमच्या मागे ६ डीबीचा अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल मुद्दाम कमी करणारा छोटा तुकडा) लावा, डाउनस्ट्रीम ६ वर उतरेल आणि अपस्ट्रीम ३६ वर चढेल, एकाच तुकड्यात दोन्ही जागेवर.

बूस्टर सगळ्यात शेवटी, आणि घेतलाच तर रिटर्न पाथवालाच (मोडेमचा परतीचा सिग्नल जाऊ देणारा) घ्या, टीव्हीचा साधा बूस्टर मोडेमचा वर जाणारा सिग्नल अडवतो आणि नेट पूर्ण बंद पडतं. शिवाय खराब सिग्नलबरोबर नॉइज पण वाढतो, म्हणजे पॉवरचा आकडा छान आणि एसएनआर तसाच रडका.

प्रत्येक बदलानंतर मोडेम रीस्टार्ट करा म्हणजे एरर काउंटर शून्यावर येतील, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत फोटो काढा. अनकरेक्टेबल एरर (मोडेमला दुरुस्त करता न आलेल्या चुका) भराभर वाढतच असतील तर सगळे स्प्लिटर बाजूला काढून येणारी वायर थेट मोडेमला लावून बघा. तरी तेच आकडे आले तर खराबी टॅपच्या बाजूला आहे, जिन्यातला किंवा टेरेसवरचा डबा स्वतः उघडू नका, त्यात करंट असतो. लाइनमनला फोटो दाखवा, कुठल्या वेळेला जातं, पाऊस होता का ते सांगा, आणि मीटर टॅपवर लावून रीडिंग तुमच्यासमोर घ्यायला लावा.