‘पाण्यात उतरायचे नाही’ हे इंग्रजीत कसे लिहावे

आमच्या गावाजवळच्या एका किनाऱ्यावर काही वर्षांपूर्वी लाल अक्षरांतला एक फलक उभा राहिला. वर मराठीत ‘भरतीच्या वेळी पाण्यात उतरायचे नाही’ असे लिहिले होते आणि खाली इंग्रजीत ‘यू डोन्ट हॅव टू एंटर द वॉटर ॲट हाय टाइड’. मराठी वाचणाऱ्याला ती ताकीद होती. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र एवढेच कळत होते, की भरतीच्या वेळी पाण्यात उतरण्याची कोणावर सक्ती नाही. हौस असेल त्याने खुशाल उतरावे. फलक लिहिणाऱ्याने शब्द चुकवला नव्हता. ‘उतरायचे आहे’ म्हणजे ‘हॅव टू एंटर’, तेव्हा ‘उतरायचे नाही’ म्हणजे ‘डोन्ट हॅव टू एंटर’, असा सरळ हिशेब त्याने केला होता आणि तो हिशेबच फसवा आहे.

मराठीत ‘उतरायचे नाही’ यातला नकार उतरण्यालाच लागतो. इंग्रजीत ‘डोन्ट हॅव टू’मधला नकार ‘हॅव’ला, म्हणजे सक्तीला लागतो, सक्ती उठते आणि उतरण्याची मुभा तशीच राहते. मनाई करायची असेल तर ‘मस्ट नॉट’ हवे, कारण तिथे ‘मस्ट’ची सक्ती कायम राहते आणि नकार पुढच्या क्रियापदाकडे जातो. लिहिण्यापूर्वी आपलेच वाक्य दोन प्रकारे बोलून पाहावे. ‘नाही उतरलात तरी चालेल’ असे म्हणायचे असेल तर ‘डोन्ट हॅव टू’ किंवा ‘नीड नॉट’ वापरावे. ‘उतरलात तर चालणार नाही’ असे म्हणायचे असेल तर ‘मस्ट नॉट’. म्हणून घरगुती निवास चालवणाऱ्याने पाहुण्याला ‘यू डोन्ट हॅव टू पे इन ॲडव्हान्स’ असे अवश्य कळवावे, पण १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळाविषयी लिहिताना ‘मेकनाइज्ड बोट्स मस्ट नॉट गो आउट टू फिश’ असेच लिहावे.

या चुकीच्या मागे दोन भाषांच्या बांधणीतला फरक आहे. मराठीत मुख्य क्रिया आधी येते आणि मदतनीस मागून: ‘जाऊ शकतो’, ‘जावे लागेल’, ‘गेला असावा’. इंग्रजीत ही रांग नेमकी उलटी लागते: ‘कॅन गो’, ‘विल हॅव टू गो’, ‘मे हॅव गॉन’. मराठी क्रियापदसमूह शेवटाकडून मागे वाचत गेले, की इंग्रजीचा क्रम बहुधा आपोआप मिळतो.

आता ‘टू’चा प्रश्न. शाळेत ज्याला इन्फिनिटिव्ह म्हणतात ते क्रियापदाचे मूळ रूप कधी ‘टू’सह येते, कधी ‘टू’शिवाय. कॅन, कुड, मे, माइट, मस्ट, शॅल, शुड, विल आणि वुड या नऊ सहायक क्रियापदांपुढे ‘टू’ येत नाही आणि त्यांच्यामागून येणाऱ्या क्रियापदाला ‘एस’ही लागत नाही, ‘ही कॅन स्विम’, ‘ही कॅन टू स्विम’ नव्हे आणि ‘ही कॅन स्विम्स’ही नव्हे. आपल्याकडे हा जादा ‘टू’ कुठून येतो, तर ‘पोहायला येते’ या बोलण्यातल्या ‘-यला’मधून. त्याऐवजी मनात ‘पोहू शकतो’ असे म्हणावे, म्हणजे ‘टू’ची ओढ कमी होते. सक्ती दाखवणारा ‘हॅव’, ‘ऑट’ आणि ‘यूज्ड’ यांना मात्र ‘टू’ लागतोच. त्यातही ‘हॅव टू’ हे खरे सहायक क्रियापद नाही, कारण प्रश्न विचारताना ते ‘डू’ची मदत मागते: ‘डू वी हॅव टू बुक द बोट?’ याउलट ‘हॅड बेटर’ आणि ‘वुड रादर’ ‘टू’ घेत नाहीत: ‘यू हॅड बेटर लीव्ह बिफोर द टाइड टर्न्स’.

क्रियाविशेषणांचे प्रकरण जास्त रंगतदार आहे. मराठीत ‘आधीच’, ‘बहुतेक’, ‘नेहमी’ हे शब्द वाक्यात बऱ्यापैकी मोकळे फिरतात. ‘बोट बहुतेक सुटली असेल’ आणि ‘बहुतेक बोट सुटली असेल’ यांत फारसे अंतर नाही. इंग्रजीत अशा शब्दांची नेहमीची जागा पहिल्या सहायक क्रियापदाच्या लगेच मागे असते: ‘द बोट हॅज ऑलरेडी लेफ्ट’, ‘द बोट विल प्रॉबब्ली लीव्ह ॲट फाइव्ह’. सहायक क्रियापद नसेल तर ते मुख्य क्रियापदाच्या आधी येतात, ‘द बोट ऑलवेज लीव्ह्ज ॲट फाइव्ह’; आणि मुख्य क्रियापदच ‘बी’चे रूप असेल तर त्याच्यानंतर, ‘द वॉटर इज ऑलवेज रफ इन जुलै’. प्रश्नात सहायक क्रियापद कर्त्याच्या पुढे उडी मारते, क्रियाविशेषण मात्र कर्त्यामागे राहते: ‘हॅज द बोट ऑलरेडी लेफ्ट?’

सहायक क्रियापदे दोन-तीन असली म्हणजे गोंधळ वाढतो. आंब्याच्या बागायतदाराने गिऱ्हाइकाला कळवायचे आहे, की आंबे आधीच नीट पेंढ्यात रचून झाले आहेत. इंग्रजीत ते असे होईल: ‘द मँगोज हॅव ऑलरेडी बीन केअरफुली पॅक्ट इन स्ट्रॉ’. यात ‘ऑलरेडी’ हा वेळेविषयीचा शब्द पहिल्या सहायकामागे, म्हणजे ‘हॅव’मागे बसला आहे, तर ‘केअरफुली’ हा कामाच्या रीतीविषयीचा शब्द थेट ‘पॅक्ट’ला चिकटला आहे. आंबे नीट रचले जातात, ‘आहे’ नीट असत नाही, इतके साधे हे कारण आहे. वाक्य कर्तरी असेल तर ‘केअरफुली’ शेवटी जावा, ‘वी पॅक्ट द मँगोज केअरफुली’. क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्यामध्ये त्याला घुसू देऊ नये. ‘वी पॅक्ट केअरफुली द मँगोज’ हे वाक्य आमच्या भागातल्या किमान तीन पेट्यांवर मी छापलेले पाहिले आहे. आंबा उत्तम होता, हेही सांगितले पाहिजे.

नकारासोबत क्रियाविशेषणाची जागा बदलली, की अर्थही बदलतो. ‘द फेरी डझन्ट ऑलवेज रन ऑन टाइम’ म्हणजे फेरीबोट दर वेळी वेळेवर असतेच असे नाही. याऐवजी ‘ऑलवेज डझन्ट’ लिहिले तर इंग्रजी कानाला ते खटकते आणि ती कधीच वेळेवर नसते असा भलता अर्थ निघतो. ‘आय रिअली डोन्ट नो’ म्हणजे मला खरोखरच माहीत नाही, आणि ‘आय डोन्ट रिअली नो’ म्हणजे मला तसे नीटसे माहीत नाही. ‘प्रॉबब्ली’ मात्र जोडून लिहिलेल्या नकाराच्या आधी येतो: ‘इट प्रॉबब्ली वोन्ट रेन’.

आपल्या ‘अजून’ने तर अनेकांना चकवले आहे, कारण या एका शब्दाला इंग्रजीत ‘स्टिल’ आणि ‘यट’ असे दोन वाटेकरी आहेत. होकारी वाक्यात ‘स्टिल’ पहिल्या सहायकामागे येतो. मासेमारीबंदीत बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना सूट असते, त्याविषयी ‘ट्रॅडिशनल बोट्स मे स्टिल गो आउट’ असे लिहिता येईल. नकारी वाक्यात तोच ‘स्टिल’ सहायकाच्या आधी सरकतो: ‘द बोट स्टिल हॅजन्ट कम’. ‘यट’ला शेवट आवडतो: ‘द बोट हॅजन्ट कम यट’. दोन्हींचा अर्थ ‘होडी अजून आली नाही’ असाच, पण ‘स्टिल’मध्ये वाट पाहून कंटाळल्याचा सूर आहे. पाहुण्याने ‘यट’ म्हटले तर चहा द्यावा. ‘स्टिल’ म्हटले तर होडीवाल्याला फोन करावा.

‘यूज्ड टू’चे दोन अर्थ वेगळे ठेवावेत. ‘आय यूज्ड टू सेल फिश’ म्हणजे मी पूर्वी मासळी विकायचो. ‘आय ॲम यूज्ड टू सेलिंग फिश’ म्हणजे मला मासळी विकायची सवय आहे. दुसऱ्या वाक्यातला ‘टू’ इन्फिनिटिव्हचा नाहीच, तो शब्दयोगी अव्यय आहे, म्हणून त्यापुढे ‘-इंग’ रूप येते.

‘टू’ आणि मूळ क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालू नये, असा दंडक आपल्यापैकी अनेकांनी शाळेत ऐकलेला असतो. १८६४ मध्ये हेन्री ऑल्फर्ड या इंग्लंडमधल्या कँटरबरी कॅथीड्रलच्या डीनने, म्हणजे तिथल्या प्रमुख पाद्र्याने, अशा रचनेवर आक्षेप घेतला होता आणि पुढे त्या आक्षेपाला नियमाचे रूप आले. आज जाणकार तो पाळतातच असे नाही आणि माझ्या मते ‘टू फुली अंडरस्टँड’ लिहायला हरकत नाही. नकाराच्या बाबतीत मात्र लेखी इंग्रजीत ‘नॉट टू’ हाच क्रम सरस ठरतो. वेळास किंवा आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्ले समुद्राकडे निघालेली पाहायला आलेल्यांसाठी ‘प्लीज ट्राय नॉट टू स्टँड इन देअर पाथ’ असे लिहावे. पिल्लांना हातच लावू द्यायचा नसेल तर तिथे पुन्हा ‘यू मस्ट नॉट टच देम’.

शेवटची गोष्ट फोनवरच्या बोलण्याची. ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ यांतला शेवटचा ‘ट’ पावसाळ्यातल्या तुटक रेंजमध्ये हमखास गळतो आणि पाहुणा नेमका उलटा अर्थ घेऊन गाडीत बसतो. तेव्हा ‘वी कान्ट सेंड द बोट’ असे न म्हणता ‘वी विल नॉट बी एबल टू सेंड द बोट टुडे’ असे पूर्ण म्हणावे. ‘नॉट’ पहिल्या सहायकामागे, ‘टू’ मूळ क्रियापदाआधी, आणि ‘नॉट’ जरा ठासून.