डीएमएसओ म्हणजे पाणी नव्हे: या चुका टाळा

थंडीच्या दिवसात प्रयोगशाळेतलं कपाट उघडावं तर डीएमएसओ या द्रावकाची (इतर पदार्थ विरघळवणाऱ्या द्रवाची) बाटली दगडासारखी घट्ट. माल खराब झाला म्हणून ती टाकून देणारे मी पाहिले आहेत. खराब काहीच झालेलं नसतं. डीएमएसओ, म्हणजे डायमिथाइल सल्फॉक्साइड, 18.5 अंश सेल्सिअसलाच गोठतं. बाटली कोमट पाण्यात ठेवा, पूर्ण वितळू द्या, हलवा आणि वापरा. अर्धवट वितळलेल्या बाटलीतला वरचा द्रव ओतून घेणं ही मात्र चूक, कारण पाणी आणि इतर भेसळ त्या पातळ भागातच गोळा झालेली असते.

संशय घ्यायचा तो 15 अंशांनाही न गोठणाऱ्या बाटलीचा. हा द्रव हवेतला ओलावा अधाशासारखा ओढतो आणि एक टक्का पाण्यानेही गोठणबिंदू दोनेक अंशांनी उतरतो. (क्वचित शुद्ध द्रवही गोठायचा आळस करतो. बाटली जरा हलवून बघा, मगच निदान करा.) वजनाने दोन-तृतीयांश डीएमएसओ आणि बाकी पाणी असं मिश्रण तर उणे 70 अंशांच्या आसपासपर्यंत पातळ राहतं.

उत्कलनांक 189 अंश आहे म्हणून साध्या दाबाखाली ऊर्ध्वपातन (उकळून, वाफ थंड करून शुद्ध करणं) करू नका. त्या तापमानाला डीएमएसओचं विघटन सुरू होतं, आणि आम्ल किंवा हॅलाइड (क्लोरीन, ब्रोमीन यांसारख्यांचं संयुग) सोबत असेल तर त्याच्या कितीतरी आधी. व्हॅक्यूम लावा, पाऱ्याच्या 12 मिलिमीटर दाबाखाली ते 75 अंशांच्या सुमाराला उकळतं. अॅसिड क्लोराइड त्यात टाकलं तर साध्या तापमानालाच भडका उडू शकतो. सोडियम हायड्राइडबरोबर तापवताना स्फोट झालेले आहेत.

हातमोजे घातले की झालं, असंही नाही. डीएमएसओ स्वतः फारसं विषारी नाही, पण ते कातडीतून आत शिरतं आणि त्यात विरघळलेला पदार्थही सोबत नेऊ शकतं. तोंडात लसणीची चव आली तर समजा, शिरलं.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक: 'पाण्यात मिसळतं, विष नाही, मग सोडा गटारात.' शुद्ध डीएमएसओला जवळपास वास नसतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण सांडपाण्यातले जिवाणू त्याचा ऑक्सिजन काढून घेतात आणि उरतं डायमिथाइल सल्फाइड. कुजलेल्या कोबीसारखा हा वास इतका तीव्र की हवेतला अगदी अल्प अंशही नाकाला कळतो. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियातल्या एका सांडपाणी केंद्राच्या शेजाऱ्यांनी असा वास सुमारे वीस वर्षं सोसला, तोही मधूनमधून येणारा. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मूळ सापडलं: कारखान्याकडून येणारं डीएमएसओ. हवा देण्याच्या टाकीत ते लिटरला पाच-सहा मिलिग्रॅमच पोचत होतं, पण वासाला तेवढं पुरलं.

म्हणून असा वास आला की फक्त हायड्रोजन सल्फाइडच्या (सडक्या अंड्यासारख्या वासाच्या, गटारातल्या नेहमीच्या वायूच्या) मागे लागू नका. आदल्या काही तासांत कोणी काय सोडलं ते विचारा. टाकीत जास्त हवा फुंकून वास जाईल ही आशाही खोटी. डीएमएसओ पाणी सोडून हवेत जात नाही, तयार झालेलं सल्फाइड मात्र त्याच हवेबरोबर बाहेर पडतं. सक्रिय कोळशावरही भिस्त ठेवू नका, पाण्यावर इतका जीव असलेला रेणू कोळशाला नीट चिकटत नाही. जमिनीवर सांडलं तरी तेच: माती त्याला धरून ठेवत नाही, ते पाण्याबरोबर खाली भूजलाकडे जातं. माशांच्या चरबीत साठत नाही एवढं खरं.

खात्रीचा उपाय म्हणजे ते गटारात जाऊच न देणं. वापरलेलं डीएमएसओ वेगळ्या डब्यात गोळा करा. पातळ धुवणाचं प्रमाण मोठं असेल तर ओझोनने त्याचं ऑक्सिडेशन करता येतं. तयार होणाऱ्या डायमिथाइल सल्फोनला वास नसतो. पण वापरलेलं डीएमएसओ गोळा केलेल्या डब्यावर चिठ्ठी लावायला विसरू नका, नाहीतर पाण्यासारखा दिसणारा हा द्रव कुणीतरी पाणी समजून सिंकमध्ये ओतेल.