किमती ट्रेडिंग कार्डांचा संग्रह कोल्हापुरात कसा आणि कशात ठेवावा

किमती कार्डे ठेवण्यासाठी काय घ्यावे, असा प्रश्न पडला की बहुतेक जण तिजोरीच्या चौकशीपासून सुरुवात करतात. कोल्हापुरात तरी तिजोरीचा विचार सर्वांत शेवटी करावा, असे माझे मत आहे. पोकेमॉनचे चमकदार कार्ड असो, एखाद्या फुटबॉलपटूची स्वाक्षरी असलेले असो किंवा शाळेच्या दिवसांपासून जपलेला कुस्तीवीरांच्या ट्रम्प कार्डांचा संच असो, ते मुळात कागदाच्या थरांचे बनलेले असते आणि कागद हवेतील पाणी शोषतो. ज्या शहरात जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते आणि कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर बुरशी चढते, तिथे संग्रहाला चोरापेक्षा दमट हवेचा धोका मोठा आहे. त्यामुळे साठवणुकीची निवड कार्डापासून सुरू करून बाहेरच्या दिशेने करावी.

कार्डाला थेट स्पर्श करणारे आवरण, म्हणजे स्लीव्ह, पॉलिप्रॉपिलीनचे असावे. मऊ पीव्हीसी कटाक्षाने टाळावे, कारण ते लवचीक करण्यासाठी मिसळलेली द्रव्ये काही वर्षांत बाहेर झिरपतात आणि छपाईवर चिकट थर बसतो. नव्या रेनकोटसारखा उग्र वास हे त्याचे लक्षण आहे. मी स्वतः हा धडा महागात शिकलो. स्टेशनरीच्या दुकानात प्रमाणपत्रांसाठी मिळणाऱ्या पारदर्शक फोल्डरमध्ये काही कार्डे ठेवली होती आणि तिसऱ्या पावसाळ्यानंतर ती काढताना छपाईचा पापुद्रा प्लॅस्टिकलाच चिकटून आला. स्लीव्ह घेताना मापही पाहावे. पोकेमॉन आणि मॅजिक या खेळांची कार्डे साधारण ६३ बाय ८८ मिलिमीटरची, तर यू-गी-ओ या खेळाची ५९ बाय ८६ मिलिमीटरची असतात, आणि सैल स्लीव्हमध्ये कार्ड सरकत राहिले की कोपरे झिजतात.

स्लीव्ह घातलेले कार्ड त्यानंतर टॉपलोडर या कडक खोळीत ठेवावे. टॉपलोडरही बहुधा पीव्हीसीचाच असतो, पण तो कडक असल्याने त्यात मऊपणा आणणारी द्रव्ये नसतात. तरीही स्लीव्हशिवाय कार्ड त्यात सरकवू नये, कारण ओरखडे तिथेच पडतात. चुंबकी झाकणाच्या जाड पेट्या दिसायला देखण्या असतात. त्या घेताना ‘पॉइंट’मध्ये दिलेली जाडी पाहावी. एक पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग, आणि साध्या कार्डासाठी ३५ पॉइंटची पेटी पुरते. पीएसएसारख्या, कार्डाची अवस्था तपासून दर्जा ठरवणाऱ्या संस्थेकडून ग्रेडिंग करून आलेला स्लॅब, म्हणजे कार्ड आत बंद केलेला कडक प्लॅस्टिकचा साचा, टिकाऊ असला तरी हवाबंद नसतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. बाइंडर घ्यायचा असेल तर कड्यांचा नको. पाने मिटताना कड्या आतल्या रांगेतील कार्डांवर दाब देऊन कायमचा वळ उमटवतात. बाजूने कार्ड घालण्याची सोय असलेला, शिवलेल्या पानांचा बाइंडर घ्यावा आणि तो पुस्तकासारखा उभा ठेवावा.

खरी काळजी यापुढच्या थराची, म्हणजे डब्याची घ्यावी लागते. कार्डांसाठी ४० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य मानली जाते, आणि पावसाळ्यात इथल्या खोलीत ती याच्या कितीतरी वर असते. फॉइलच्या, म्हणजे दर्शनी बाजूला चमकदार थर असलेल्या, कार्डांवर परिणाम आधी दिसतो. फॉइलचा थर पाणी शोषत नाही, पण मागचा कागद फुगतो, म्हणून कार्ड दर्शनी बाजूकडे वाकते. ते वजनाखाली दाबून सरळ करण्याचा खटाटोप व्यर्थ असतो, कारण आर्द्रता योग्य पातळीवर आल्याशिवाय वाक खऱ्या अर्थाने जात नाही. यावर सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा उपाय म्हणजे स्वयंपाकघरात वापरतात तसा, झाकणाला रबरी कडे आणि चारही बाजूंना कड्या असलेला पॉलिप्रॉपिलीनचा डबा. बुडावर त्रिकोणात ५ हा आकडा असेल तर प्लॅस्टिक बरोबर आहे. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवावा. स्वस्त मापकावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घेऊन ते पाण्याच्या थेंबांनी ओलसर करावे, मापकासह घट्ट पिशवीत सात-आठ तास बंद ठेवावे आणि मग आकडा पाहावा. तो ७५ च्या आसपास यायला हवा. जो फरक दिसेल, तेवढा पुढच्या प्रत्येक वाचनात धरावा.

सिलिका जेल भरमसाट टाकणेही चुकीचे आहे. हवा अति कोरडी झाली की फॉइलची कार्डे उलट बाजूला वाकतात. रंग बदलणारे जेल घेतले तर नारिंगीचे हिरवे झाल्यावर ते ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येते. संग्रह मोठा असेल तर छायाचित्रकार कॅमेऱ्याच्या भिंगांसाठी वापरतात ते विजेवरचे ड्राय कॅबिनेट घ्यावे, कारण त्यात हवी ती आर्द्रता ठरवून ठेवता येते. आणखी एक सवय उपयोगी पडते. कार्डांची हाताळणी आणि मांडामांड जानेवारी-फेब्रुवारीतल्या कोरड्या दुपारी उरकावी, आणि मृग निघण्यापूर्वी डबा एकदा तपासून जो बंद करावा, तो पाऊस सरेपर्यंत विनाकारण उघडू नये. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या टाकण्याची आपल्याकडे रीत आहे. कार्डांजवळ मात्र त्या नकोत, कारण त्यांची वाफ काही प्लॅस्टिकना मऊ करते.

आता जागा. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५० फुटांच्या पुढे गेले. व्हीनस कॉर्नर, दसरा चौक, शाहूपुरीची कुंभार गल्ली किंवा नागाळा पार्क या भागांत राहणाऱ्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही. तळमजल्यावर संग्रह ठेवूच नये. मात्र म्हणून पत्र्याखालच्या माळ्यावर टाकणेही बरोबर नाही, कारण एप्रिल-मेमध्ये तिथे भट्टी होते. वरच्या मजल्यावरची, बाहेरच्या भिंतीला न टेकलेली, ऊन थेट न येणारी जागा निवडावी. जुन्या वाड्यात लाकडी फडताळ वापरणाऱ्यांनी वाळवीची तपासणी करून घ्यावी.

इतके झाल्यावर लोखंडी पेटीकडे वळावे. उद्यमनगरात मापाप्रमाणे पेटी करून देणारे कारागीर आहेत, आणि झाकणाला रबर बसवून, पेटी जमिनीला किंवा भिंतीला बोल्टने जखडण्याची सोय करून घेता येते. ताज्या रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत, निदान तीन-चार आठवडे, ती उघडी ठेवावी. आगरोधक तिजोरीबद्दल दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. तिच्या भिंतींतील भरावात पाणी धरलेले असते, त्यामुळे आतली हवा एरवीही दमट राहते आणि आगीत वाफ सुटते. शिवाय कागदासाठी प्रमाणित तिजोरीत आतले तापमान १७७ अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते, आणि पॉलिप्रॉपिलीन त्याआधीच वितळते. संगणकीय साहित्यासाठीच्या तिजोरीत ही मर्यादा ५२ अंशांची असते, पण तिची किंमत बरीच जास्त असते. अशी तिजोरी घेतली तरी कार्डे हवाबंद डब्यातच आत ठेवावीत.

बँकेचा लॉकर चोरीच्या दृष्टीने उत्तम आहे. मात्र रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपुरती मर्यादित असते. म्हणजे भाडे ३,००० रुपये असेल तर भरपाई जास्तीत जास्त ३ लाख रुपये. पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीतील नुकसानीला बँक जबाबदार धरली जात नाही. म्हणून करार करण्याआधी लॉकरची खोली तळघरात आहे का आणि २०१९ मध्ये त्या शाखेत पाणी शिरले होते का, हे दोन प्रश्न विचारावेत. विमा वेगळा आणि स्वतःच काढावा लागतो. त्यासाठी प्रत्येक किमती कार्डाचे दोन्ही बाजूंचे छायाचित्र, स्लॅबवरचा प्रमाणपत्र क्रमांक आणि खरेदीची पावती एकत्र करून या सगळ्याची एक प्रत शहराच्या उंचवट्यावरच्या एखाद्या नातेवाइकाच्या घरी ठेवावी.