पुढून खडखड आली म्हणून लगेच शॉकअप बदलू नका

जुनी गाडी घेतली की महिनाभरात पुढून खडखड ऐकू येते आणि गॅरेजमध्ये, बहुधा गाडी न चालवताच, निदान होतं: 'शॉकअप गेले.' शॉकअपवर तेल ओघळून धूळ चिकटली असेल, किंवा खड्ड्यातून निघाल्यावर गाडी दोन-तीनदा डोलत असेल, तर हे म्हणणं मान्य करा. नुसती खडखड असेल तर आधी स्टॅबिलायझर बारच्या, म्हणजे डावी-उजवी चाकं जोडून वळणावर गाडीचं झुकणं कमी करणाऱ्या दांड्याच्या, लिंक रॉडकडे बघा; बारचं टोक सस्पेन्शनला जोडणारी, टोकांना बॉल जॉइंट असलेली ही छोटी दांडी. तो शॉकअपपेक्षा खूप स्वस्त आहे आणि बदलल्यावर अलाइनमेंटही करावी लागत नाही.

लिंक रॉडची खूण सोपी. पेव्हर ब्लॉकवर किंवा बारीक खड्ड्यांत, दहा-वीसच्या स्पीडला तो वाजतो. रुंद स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढली की गप्प बसतो. दोन्ही चाकं सारखी वर गेली तर बारला पीळ पडत नाही आणि लिंकवर जोर येत नाही. एकच चाक खाली गेलं की झिजलेला बॉल वाटीत आपटतो.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे एकच चाक जॅकवर उचलून लिंक हलवून बघणं. चाक लटकलं की बारला पीळ बसतो, लिंक ताणली जाते आणि झिजलेली असली तरी घट्ट लागते. दोन्ही चाकं जमिनीवर ठेवून, नाहीतर दोन्ही सारखी उचलून स्टँडवर ठेवून तपासा. पक्की खात्री हवी असेल तर दोन्ही लिंक काढा, मोकळा बार कुठे घासत नाही ना ते बघा आणि त्याच खराब रस्त्यावर वीसच्या आत एक फेरी मारा. आवाज गेला तर विषय संपला. लिंकशिवाय गाडी वळणावर जास्त झुकते, म्हणून फेरी तेवढ्यापुरतीच.

लिंक निर्दोष निघाली तर लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा हात. चाक उचलून आर्म आणि नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) यांच्यामध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून हलकेच उचका. बॉल जॉइंटमध्ये 'टक्' असा खेळ जाणवला तर तो बदलायचाच, त्यात चालढकल नको. आर्मचा नवा रबरी बुश टाकल्यावर आर्मचा बोल्ट चाक लटकतं असताना शेवटपर्यंत आवळला जातो, ही तर घरोघरची चूक. रबर त्याच स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहतं, करकरतं आणि लवकर फाटतं. शेवटचा टाइट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच द्या.

पूर्ण स्टिअरिंग वळवून रेस दिल्यावर 'कट-कट-कट' येत असेल तर बाहेरचा एक्सल जॉइंट, म्हणजे एक्सलचा चाकाजवळचा सांधा. रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसलं की त्या जॉइंटवरचा रबरी बूट फाटला समजा. आवाज नसेल तर जुनं ग्रीस काढून नवा बूट आणि त्याच कामाचं ग्रीस पुरतं. एकदा वाजायला लागल्यावर नुसतं ग्रीस भरणं म्हणजे पैसे वाया.

चाळीस-साठच्या पुढे 'गुंऽऽ' येत असेल तर लगेच चाकाचं बेअरिंग मागवू नका. डांबरीवरून काँक्रीटवर गेल्यावर सूर बदलला तर टायरवर संशय घ्या. पुढचे टायर मागे टाकून बघा. आवाज मागे गेला तर दोष टायरचाच. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर येतं, तेव्हा आवाज वाढला तर बहुधा उजवं बेअरिंग.

कच्च्या रस्त्यावरून आल्यावर अचानक पत्रा घासल्यासारखा आवाज आला तर ब्रेकची डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यात खडा अडकलेला असू शकतो. रिव्हर्समध्ये हळू थोडं मागे या, बऱ्याचदा पडतो. टायरचं काम करून आणल्यावर सुरू झालेला आवाज? गाडी बाजूला घेऊन आधी चाकांचे नट बघा. आणि हो, सस्पेन्शन तपासायला घेण्याआधी डिकी रिकामी करा; सुटा जॅक आणि पाना सस्पेन्शनसारखेच वाजतात.

सकाळी स्टार्ट केल्यावर किंवा एसी लावल्यावर इंजिनचा बेल्ट किंचाळतो, त्यावर साबण किंवा ग्रीस लावू नका. स्प्रे बाटलीने, हात लांब ठेवून, बेल्टच्या खाचांच्या बाजूला पाण्याचा हलका फवारा मारा. आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुली एका रेषेत नाहीत; वाढला तर ताण कमी आहे.

गाडी अजून घ्यायचीच असेल तर ती थंड असताना बघा, बॉनेटला हात लावून खात्री करा. स्टार्ट करण्याआधी डिपस्टिक काढून ऑइल बघा. इंजिनची टकटक दाबायला पातळ ५डब्ल्यू-३० ऑइलच्या जागी जाड २०डब्ल्यू-५० टाकण्याची युक्ती जुनीच आहे, पण जाड ऑइल थंड इंजिनात उशिरा पोचतं, त्यामुळे पहिल्या काही सेकंदांत खरं ऐकू येतं. वरून येणारी बारीक टिकटिक टॅपेटची (इंजिनचे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाची) असू शकते, तिचा खर्च ठरवून भाव करता येतो. खालून, रेस देताना येणारा जड ठोका मात्र इंजिनच्या आतल्या बेअरिंगचा समजा आणि सौदा सोडा. स्वतःच्या गाडीत तो आला तर इंजिन तिथेच बंद करून गाडी ओढूनच न्या.