आजाराची बातमी लिहिताना या चुका टाळा

"भाऊ, ते हारले असं काहून लिवलं? सारे किमो तं घेतले त्यायनं."

वर्धा जिल्ह्यातल्या एका गावात, तेरवीच्या दुसऱ्या दिवशी एका बाईनं मला हे विचारलं. हातात कात्रण होतं, घडीवर हळदीचा डाग. बातमी माझीच होती: 'कर्करोगाशी झुंज अखेर अपयशी'. खर्ऱ्यानं, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणानं झालेला तोंडाचा कॅन्सर, दर खेपेला पहाटेच्या एसटीनं नागपूर. त्या माणसानं काय बाकी ठेवलं होतं? माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

लढाई म्हटली की हार आलीच, आणि ती रोग्याच्या माथी बसते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना कॅन्सर रुग्णाची हकिगत काहींना 'लढाई', काहींना 'प्रवास' म्हणून वाचायला दिली होती. बरं झालं नाही तर रुग्णाला अपराधी वाटेल, असं लढाई वाचणाऱ्यांना जास्त वाटलं. म्हणून 'कर्करोगाने निधन' एवढंच लिहा. रोगी स्वतः "मी लढून राहिलो" म्हणत असेल, तर तो शब्द त्याचा आहे. अवतरणात जसाच्या तसा ठेवा.

'डेंग्यूचं थैमान', 'तापाचं तांडव' हीदेखील चूकच. देवाचा कोप झाल्यासारखं वाचलं की माणूस हात जोडतो, टाकी घासत नाही. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आपल्याकडे पावसाळा लागला तरी कूलरच्या टाकीत पाणी तसंच असतं. मथळ्यातच सांगा: 'कूलर, रांजण आठवड्यातून एकदा रिकामे करून घासा'. अंडी भिंतीला चिकटून राहतात, म्हणून घासायचं.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराला 'रक्तातलं विष' म्हटलं की पोरीची जुळलेली सोयरीक मोडते. वाहक (तो स्वतः आजारी नसतो, पण दोष मुलांकडे जाऊ शकतो) आणि रुग्ण यांतला फरक दर बातमीत लिहा. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. एकच वाहक आणि दुसरा पूर्ण निरोगी असेल, तर मूल फार तर वाहक होईल.

आणि 'भ्रष्टाचाराचा महारोग' हा मथळा तर कायमचा बंद करा; महारोग म्हणजे कुष्ठरोग. दत्तपूर, तपोवन, आनंदवन हे कुष्ठरोग्यांचे आश्रम याच विदर्भाच्या मातीत उभे राहिले. कुष्ठरोग्याला माणसांत आणण्यात तिथल्या लोकांचे जन्म गेले. आज औषध फुकट मिळतं, रोग बरा होतो, तरी आपल्या पानावर तो शब्द अजून शिवीसारखा छापला जातो.