घोळणा फुटला तर मान वर नको, पुढे

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा 40 च्या वर गेला की पोरांचे घोळणे फुटायला लागतात. आणि घरातलं कुणीतरी लगेच सांगतं, "मान वर कर!" परवा माझ्या भाच्याला असंच झोपवलं, रक्त घशात उतरलं आणि पोराला भडाभडा उलटी झाली.

असं करा:

1. ताठ बसवा, मान थोडी पुढे झुकवा. खाली जुना टॉवेल धरा. तोंडात आलेलं रक्त गिळायचं नाही, थुंकायचं.

2. हाडाच्या खालचा, नाकाचा मऊ भाग अंगठा आणि बोटाच्या चिमटीत घट्ट दाबा. श्वास तोंडाने.

3. घड्याळ बघून पूर्ण 10 मिनिटं धरा. "थांबलं का बघू" म्हणून मध्येच सोडू नका, बहुतेक जण इथंच चुकतात. धरत आलेली गुठळी सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. नाहीच थांबलं तर आणखी 10 मिनिटं.

नंतर दिवसभर नाक शिंकरणं, खपली कोरणं बंद.

20 मिनिटांनीही रक्त वाहतच असेल, डोक्याला मार लागला असेल किंवा माणूस रक्त पातळ करायची गोळी घेत असेल, तर वाट न बघता दवाखाना गाठा.